आनंदाच्या रविवारी तीन प्रश्न

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लागते, ती अख्ख्या इंदिरानगरात मिळाली नाही. शेवटी तृप्तीने केकच्या दुकानातून वाढदिवसाची आणली. ३ या आकड्याची.

*

काशाच्या थाळीच्या मधोमध मधमाश्यांचं मेण लावायचं. मेणात एक लांब, सडसडीत काडी उभी करायची. चिमटीत धरून काडीवरून बोटं खाली ओढत राहिलं की थाळी गुणगुणते. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज जमिनीतून येतोय.

*

यंत्रमागावर जन्म काढणाऱ्यांना जवळचं लवकर दिसेनासं होतं. मीनाला हे ठाऊक आहे, कारण मालेगावात एका चष्म्याच्या दुकानात ती त्यांचे डोळे तपासते.

*

"आगमनकाळ म्हणजे वाट पाहणं," असं पास्टर राकेश नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्याला म्हणाले. त्यानंतर माइक शिट्टी मारायला लागला आणि वाट कोणाची ते शेवटच्या बाकांपर्यंत पोचलं नाही.

*

करंजीचं सारण कोरडं राहिलं की करंजी तेलात फुटते. ओलं राहिलं तरी फुटते.

*

एखादी बाई 'हं' म्हणाली, तर तो गुन्हा होतो का?

*

भागीबाई हरसूलहून एसटीने आली. मांडीवर गाठोडं होतं. कंडक्टर म्हणाला, वर टाका आजी. ती म्हणाली, "जेवायची थाळी हाय बाबा. डोक्याच्या वर कशाला ठिवू?"

आवाहन

किशोरने दार उघडलं तेव्हा तो भांडणाच्या तयारीत होता. सकाळी उठल्यापासून मनातल्या मनात त्याने मीनाच्या प्रत्येक वाक्याला उत्तर रचून ठेवलं होतं.

"आलीस."

"तूच बोलावलंस ना."

"बसायला मिळालं?"

"चांदवडपर्यंत उभी होते. मग एका बाईने पोराला मांडीवर घेतलं." मीनाने चपला काढल्या, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "दादा, मी होय म्हणणार आहे. तिन्ही प्रश्नांना."

किशोरची सगळी उत्तरं वाया गेली. त्याला इतकं हलकं वाटलं की तो सोफ्याच्या हातावरच बसला.

दोन वर्षांपूर्वी मोठाबा गेला. मोठाबा म्हणजे मंगळू, त्यांच्या वडिलांचा थोरला भाऊ. वडील लवकर वारले, तेव्हापासून दोघांना त्यानेच वाढवलं. आई भागीबाई आणि ही दोघं ख्रिस्ती, मंगळू नाही. त्याच्या दिवसाला पाड्यावर रिवाजाप्रमाणे रात्रभर थाळीवर कथा लागली आणि मीना कथेला बसली. कोणीतरी मोबाइलवर ते घेतलं. तिसऱ्या दिवशी ते नाशिकच्या चर्चमंडळीच्या ग्रुपवर होतं. पंचांनी मीनाला शिस्तीखाली ठेवलं. साध्या भाषेत सांगायचं तर प्रभुभोजनाची भाकर बंद केली. आज मंडळीपुढे तीन प्रश्नांना होय म्हटलं की ती पुन्हा मिळणार होती.

तरी ती दर महिन्याला मालेगावहून यायची. शेवटच्या बाकावर बसायची. भाकरीचं ताट तिच्यापाशी आलं की शेजारचा माणूस ते तिच्या डोक्यावरून पलीकडे द्यायचा. किशोर स्वतः पंच. पुढे, वेदीच्या बाजूला त्याची खुर्ची. तिथून हे सगळं दिसायचं.

"खरंच ना?" त्याने विचारलं.

"खरंच. बसमध्ये पाठ केलंय. होय, होय, होय. दोन वर्षं मी उपाशी आहे दादा. तुमच्या पंचांना वाटत असेल, हिला कळत नाही. मला चांगलं कळतं काय बंद केलंय ते."

स्वयंपाकघरात तृप्तीने कढईखालचा गॅस बारीक केला, पण ती वळली नाही. "ताई, मनापासून म्हणताय की कंटाळून?"

"वहिनी, कंटाळूनच. मनापासूनचं नंतर बघू."

भागीबाई जमिनीवर पाय पसरून करंज्या कातत होती. तिने पिठाच्या हाताने लेकीला जवळ ओढलं, गालाला पीठ लागलं. "बरं झालं बाय. आज तिसरा, आनंदाचा रविवार. घरात आनंद नको का?"

किशोरची मुलगी सायली मोबाइलवर कॅरोलचे शब्द बघत होती. ती हसली. पाच मिनिटं त्या फ्लॅटमध्ये खरोखरच सगळं ठीक होतं.

मग मीनाला गाठोडं दिसलं. तिने गाठ न सोडता वरून हात फिरवला. काठ ओळखीचा होता.

"आई, मोठाबाची थाळी? ही इथं कशाला आणलीस?"

"सायलीच्या कालेजात दाखवायची म्हनला ना किशोर."

सायलीने वर पाहिलं. "माझ्या कॉलेजात? मी तर कॉमर्सला आहे आजी."

करंजी कातण्याचं चाक परातीच्या काठावरून घरंगळलं. तेवढ्यात बेल वाजली.

पापांगीकार

पास्टर राकेश तिशीचे. मंडळीत येऊन वर्षही झालेलं नव्हतं. मोटारसायकलवरून आल्यामुळे केस उभे राहिले होते. त्यांनी सगळ्यांना "प्रभूची शांती" म्हटलं, पाण्याचा ग्लास हातात घेतला आणि जसं ठरलंय तसं सांगायला लागले. घरात नुकतं काय झालंय हे त्यांना कळायचं काहीच कारण नव्हतं.

"अगदी साधा विधी आहे ताई. घाबरू नका. संध्याकाळी तिसरी मेणबत्ती लागली की तुम्ही पुढे याल. आपल्याकडे हे प्रश्न घरातल्याच पंचाने विचारायची रीत आहे, म्हणजे किशोरभाऊ विचारतील. तुम्ही होय म्हणायचं. मग ती थाळी तुम्ही पंचांच्या हातात द्याल आणि आपण प्रार्थना करू."

"थाळी मी देणार?"

"हो. ती मोडीत जाईल." मग त्यांनी किशोरकडे पाहिलं. कल्पना त्याची होती आणि त्यांना आवडलेली होती. "तांबटांकडून तिची लहानशी घंटा करून घ्यायची. उपासनेला वाजेल."

मीना किशोरकडे वळली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. चढला असता तर किशोरला बरं वाटलं असतं.

"प्रश्न तीन होते, दादा."

"तीनच आहेत. थाळी हा प्रश्न नाही."

"माझ्या वतीने हो कोणी म्हटलं?"

"मी. कारण पंच ऐकत नव्हते, मीना. दोन वर्षं मी प्रत्येक बैठकीत तुझा विषय काढतोय. माझ्याकडे बघून लोक घड्याळ बघतात. शेवटी पंचांपैकी भिकनराव म्हणाले, थाळी आणून द्या, विषय संपवू. मग मी म्हटलं, निदान घंटा तरी होऊ दे. फेकण्यापेक्षा बरी. मोठाबाचं काहीतरी चर्चच्या आत येईल."

तो हे खरोखरच मानत होता. घंटेचा विचार सुचला त्या रात्री त्याला चांगली झोप लागली होती.

"आणि आईला खोटं सांगितलंस."

"आईने आणली नसती."

"मंग बरोबरच केलं असतं म्या," भागीबाई म्हणाली. ती उठली नव्हती. खालूनच बोलत होती, पण सगळे तिच्याकडे बघायला लागले. "मपल्या हातानं आनवलीस. म्हातारीला हमाल केलंस. पोरीच्या नावानं."

"आई, ऐक."

"दोन वर्सं ऐकतीय. आता तू ऐक. आगमनाचं चार रविवार मोठाबा तुला खांद्यावर बसवून चर्चला न्यायचा. पायात काटं, सकाळचं धुकं. हिला मी कडंवर घ्यायची. तुमी आत, तो भाईर."

"तेच तर दुःख आहे. दारापर्यंत आला आणि आत नाही आला. आयुष्यभर आला नाही."

"आत या, असं कोन म्हनलं त्याला?"

किशोरने पास्टरांकडे पाहिलं.

"सांग की. म्या तर नाय ऐकलं कंदी. 'मंगळू, चपला बघ' म्हनायचे. मंडळी आत गानी म्हनायची आन तो समद्यांच्या चपला राखायचा. एकदा कोनाची तरी गेली तर त्यालाच इचारलं."

पास्टरांनी ग्लास खाली ठेवला. त्यांना ही गोष्ट कोणी सांगितलेली नव्हती. पंचांनी सांगितलं होतं ते एवढंच की परक्या पूजेचं एक भांडं आहे.

"म्हणजे," ते चाचरत म्हणाले, "मला कल्पना अशी दिली होती की…"

"तुमाला काय कल्पना असनार बाबा. तुमी परवा आलात. बसा."

अर्पण

भागीबाईने गाठोडं सोडलं. थाळी जड, काठाला एके ठिकाणी चेपलेली. मधोमध मेणाचा काळपट गोल डाग. तिने ती मोरीत नेऊन राखेने नव्हे, तृप्तीच्या हिरव्या साबणाने घासली. डाग निघाला नाही. पदराने पुसली, तीत करंज्या मांडल्या आणि पास्टरांच्या पुढ्यात ठेवली.

"खा."

"आई, काय चाललंय?" किशोर म्हणाला.

"याच्यातच जेवायचा तो. सकाळी नागलीची भाकर, रातच्याला भात. ही दोघं त्याच्याच ताटात जेवून वाढली. कोनाचा दीस असला तर हीच धुवून मेन लावायचा आन कथा सांगायला घिऊन जायचा. गरीबाकडं दोन थाळ्या नसतात. घंटा करायची तर करा. पर मोडायच्या आधी हिच्यात जेवा. बघू दे मला."

पास्टर राकेश बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिले. करंज्यांच्या मधून तो दिसत होता. मग त्यांनी एक करंजी उचलली आणि खाल्ली. सगळी खाल्ली. पारीचा चुरा थाळीत पडला, तो बोटाने टिपून घेतला.

"सारण छान झालंय वहिनी," ते तृप्तीला म्हणाले.

"खोबरं जास्त झालंय."

"नाही, छान आहे." ते उभे राहिले. "थाळी चर्चला आणू नका. ते मी बघून घेईन. प्रश्न मात्र मला रद्द करता येणार नाहीत. पंचांनी ठरवलंय आणि मी एकटा आहे." दारात बूट घालताना ते थोडे अडखळले. "ताई, तुम्ही आलात तरी चालेल आणि नाही आलात तरी मी समजून घेईन."

"मी आले नाही तर सगळ्यांनाच बरं पडेल, पास्टर," मीना म्हणाली. "म्हणून येणार."

पापांगीकार, पुन्हा

ते गेल्यावर किशोर स्वयंपाकघरात आला. तृप्ती शेवटचा घाणा काढत होती.

"तू तरी समजाव तिला. थाळी सुटली ना? आता तीनदा होय म्हणायचंय फक्त. सकाळी तयार होती."

तृप्तीने झारा निथळला. ती शरणपूरची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. सासरच्या डोंगरातल्या माणसांविषयी ती कधी बरं बोलली नव्हती, वाईटही नाही. मंगळूला ती जेमतेम चारदा भेटली असेल. त्यामुळे ती काय म्हणणार हे किशोरने गृहीत धरलं होतं.

"भिकनरावांची नवी गाडी आली ना दसऱ्याला," ती म्हणाली. "चाकाखाली लिंबू होता. मी पाहिला. त्यांना किती प्रश्न विचारलेत तुम्ही?"

"तो ड्रायव्हरने ठेवला होता."

"गाडी चालवत कोण होतं?"

किशोरने परातीतली एक करंजी उचलली आणि परत ठेवली.

"भिकनरावच. ड्रायव्हर शेजारी बसला होता. ते वेगळं, असं म्हणू नका आता. वेगळं एवढंच आहे की ते पंच आहेत आणि ताई एकट्या राहतात. एकट्या बाईला शिस्त लावायला सोपं जातं. दोन वर्षं मी गप्प बसले कारण मला वाटायचं हे तुमच्या घरातलं आहे, मी कशाला बोलू. मग मी कोणाच्या घरात करंज्या तळतेय?"

"आवाज कमी कर."

"कमीच आहे."

बाहेर गॅलरीत मीना कठड्याला टेकून उभी होती. सायली तिच्याजवळ आली. तिला विचारायचं होतं, पण कसं ते कळत नव्हतं.

"आत्या, तू तिथं नेमकं केलंस तरी काय? व्हिडिओत तू नुसती बसलेली दिसतेस."

"हं म्हणत होते."

"एवढंच?"

"एवढंच. कथा सांगणारा थाळी वाजवत सांगतो. पहिल्यांदा काहीच नव्हतं, मग पाणी आलं, मग माती आली, मग बी आलं, मग माणूस आला. त्या गोष्टीतून गेलेल्याला वाट काढून देतात. दर ओळीला घरातल्या कोणीतरी समोर बसून हं म्हणायचं. हं नाही आलं तर तो थांबतो. आणि तो थांबला तर गेलेला माणूस आहे तिथेच उभा राहतो, असं मानतात."

"तू मानतेस?"

"मला माहीत नाही गं. मी येशूला मानते. पण रात्र वाढत होती, कथा सांगणारा समोर बघत होता आणि समोरची जागा रिकामी होती. मोठाबाला मूल नव्हतं. मग काय करायचं? माझा धर्म वेगळा आहे म्हणून त्याला उभा ठेवायचा?"

"पप्पा?"

"दादाला कॅरोलची तालीम होती."

खाली रस्त्यावर कोणाच्या तरी वरातीचा बँड सराव करत होता. तोच तोच तुकडा पुन्हा पुन्हा.

"तीन प्रश्न म्हणजे काय आहे सांगू?" मीना म्हणाली. "मी रडले ते चुकीच्या भाषेत रडले, एवढं मला कबूल करायला लावायचंय. सकाळी मी तेही करणार होते. भाकरीसाठी. मालेगावपासून घोकत आले. आणि दादाने मोठाबाचं ताटच मागितलं." ती हसली, पण ते हसू रागाचं होतं. "एक प्रकारे बरंच केलं. मला जाग आली."

उपासना

चर्च भरलं होतं. पुढच्या टेबलावर हिरव्या फांद्यांचं कडं, त्यात तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि चौथ्या जागी तो गुलाबी ३. लहान पोरं हसायला लागली. एकाने मोठ्याने विचारलं, येशू तीन वर्षांचा झाला का. आईने त्याचं तोंड दाबलं. तृप्ती शेवटच्या बाकावर मीनाच्या शेजारी बसली होती. तिथं ती कधी बसत नसे. भागीबाई आणि सायली पलीकडे.

दोन जांभळ्या लागल्या. मग पास्टरांनी ३ पेटवला. तो इतर मेणबत्त्यांपेक्षा भराभर जळायला लागला. पास्टरांनी वचन वाचलं, अरण्य आणि रुक्ष भूमी हर्षतील, असं. नंतर ते बाजूला झाले आणि किशोर उभा राहिला.

मीना पुढे गेली. चपलांचा आवाज होत होता.

किशोरने तिच्याकडे न बघता विचारलं, "परक्या विधीत तू भाग घेतलास, हे तुला मान्य आहे का?"

"होय. रात्रभर."

मंडळीत कोणीतरी खाकरलं. किशोरने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, कागद आणलेला नव्हता. दुसरा प्रश्न त्याला पाठ होता. त्यानेच तो भिकनरावांच्या मूळ वाक्यापेक्षा सौम्य करून घेतला होता.

"ते पाप होतं, असं तू मानतेस का?"

"नाही."

ती हे मोठ्याने म्हणाली नाही. डोळे तपासताना खालच्या ओळीतलं अक्षर दिसतंय का असं विचारल्यावर माणसं जसं म्हणतात, तसं म्हणाली. दिसत नाही तर नाही.

भिकनराव खुर्चीत पुढे सरकले. "मग तिसरा विचारायचं कारणच नाही," ते म्हणाले. माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

किशोरने तरीही विचारला. का, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. "यापुढे असं करणार नाहीस, असं वचन देतेस का?"

"नाही देत, दादा. तुझ्यासाठीही बसेन."

ती वळली आणि बाकावर जाऊन बसली. चालताना तिच्या अंगात राग होता. आणि रागाशिवाय आणखीही काहीतरी होतं, जे तिला ओळखीचं वाटलं पण बरेच दिवस भेटलेलं नव्हतं. पास्टर राकेश यांनी भाकर उचलली आणि विधी पुढे सुरू केला. क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत. केली नाही असंही म्हणाले नाहीत.

ताट बाकाबाकाने मागे येत राहिलं. शेवटच्या बाकावर आलं तेव्हा सवयीने कडेच्या माणसाने ते मीनाच्या डोक्यावरून पलीकडे द्यायला हात उंचावला. तृप्तीने ते मध्येच घेतलं. आपला तुकडा उचलला. तो नखाएवढा होता, तिने तरी तो मोडला. अर्धा मीनाच्या तळहातावर ठेवला, वर तिची बोटं मिटवली आणि समोर बघत बसली, एखाद्या सभेत बसावं तशी.

मीनाने तो तोंडात टाकला. भाकर नेहमीसारखीच कोरडी होती. तिला एकदम इतकं हसू आलं की तिने रुमाल तोंडाला लावला. राग गेला नव्हता. भिकनरावांची मान तिला इथूनही दिसत होती आणि त्या मानेला चार शब्द सुनवायची तिची इच्छा तशीच होती. पण खांदे सैल झाले होते. भागीबाईने पलीकडून वाकून पाहिलं, पोरगी रडतेय की काय. रडत नव्हती.

द्राक्षरसाच्या प्याल्यांचा ट्रे पंच घेऊन फिरतात. त्या बाजूचे बाक किशोरकडे होते. तो एकेक बाक करत मागे आला. तृप्तीने प्याला घेतला. मग तो मीनासमोर आला आणि थांबला. पुढून भिकनरावांनी घसा साफ केला. पेटीवाल्याने गाण्याचं कडवं संपवलं आणि पुढचं काय ते न कळून पहिलंच पुन्हा धरलं. किशोरने ट्रे दुसऱ्या हातात घेतला, प्याले एकमेकांवर किणकिणले.

तो पुढे गेला नाही. ट्रे थोडा खाली आला, तिच्या हाताच्या उंचीला.

दोन वर्षांपूर्वी, मंगळूचा दिवस होता त्या संध्याकाळी, किशोर तालमीला न जाता एकटाच गाडी घेऊन पाड्याच्या वाटेवर वाघेऱ्याच्या घाटापर्यंत गेला होता आणि तिथून परत फिरला होता.